आठ वाडगे आणि शिशाचा अहवाल

आत्या गेल्यावर तिच्या कपाटातली वाढायची आठ जुनी भांडी भावा-बहिणीच्या वाट्याला आली. आत्यानं ती एकेक करून जमवलेली होती आणि पाहुणे आले की त्यातली बरीचशी टेबलावर येत. ती तशीच वापरात राहावीत, असं बहिणीला वाटत होतं. भावाच्या घरात लहान मुलगी आहे. त्यानं आधी सगळी भांडी मूलद्रव्यं मोजणाऱ्या एक्सआरएफ यंत्रानं तपासून घेतली. अहवालात आठांपैकी सहा भांड्यांपुढे शिशाचा आकडा होता, आणि एका भांड्याचा आकडा तर दोन लाख पीपीएमच्या (दहा लाख भागांमागे दोन लाख भागांच्या) वर. त्यानं सगळं कागदात गुंडाळून खोक्यात भरलं.

“दादा, अरे आत्या कायम यातूनच वाढायची. आपण लहानपणी यातलंच जेवलोय.”

“मला ठाऊक आहे. पण आकडा समोर दिसत असताना मी पोरीला यातून वाढणार नाही.”

जुनी भांडी पारखायला मला बोलावलं तेव्हा दोघांचा प्रश्न सरळ होता: यातलं काय टेबलावर आणायचं आणि काय नाही? हे प्रकरण सविस्तर लिहावंसं वाटलं, कारण दोघांकडेही पुरावा होता आणि दोघांचाही पुरावा खरा होता. आत्यानं ती भांडी वापरली होती, यात शंका नाही. यंत्रानंही चूक केली नव्हती. तरीही दोघांच्या हातात उत्तर नव्हतं. जुन्या भांड्यातून वाढावं की नाही, हे त्याच्या वयावरून ठरत नाही, बुडाच्या शिक्क्यावरून ठरत नाही आणि भांड्यात एकूण शिसं किती आहे, यावरूनही ठरत नाही. अन्न नेमकं कशाला टेकतं, किती वेळ टेकून राहतं, ते किती आंबट आणि किती गरम आहे, आणि तो टेकणारा पृष्ठभाग आज कोणत्या अवस्थेत आहे, या चार गोष्टी बघाव्या लागतात.

भांडी कोणती होती

निळ्या-पांढऱ्या विलो नक्षीचा एक मोठा वाडगा. पांढऱ्या आयर्नस्टोनचं (दाट भाजलेल्या मातीचं) झाकणाचं खोलगट भांडं. बाहेरून पिवळा आणि आतून दुधाळ पांढरा असा ओपल काचेचा पायरेक्सचा मोठा बाऊल. नारिंगी-लाल झिलईचा, म्हणजे मातीवर भाजून बसवलेल्या काचेसारख्या थराचा, फिएस्टा. जाड कट ग्लासचा जड वाडगा. चांदीचा मुलामा दिलेला पायाचा वाडगा. इमारी धाटणीचा, निळ्या-लाल-सोनेरी रंगांचा पोर्सिलेनचा वाडगा, ज्याच्या पाठीवर धातूचे टाके होते. आणि कातावर घडवलेला एक लाकडी वाडगा.

यातलं ‘अँटिक’ किती आणि ‘व्हिंटेज’ किती, हे दोघांनाही माहीत नव्हतं. अमेरिकी आयात-कायद्यात 1930 साली अँटिकसाठी 1830 ही सीमा होती. 1966 च्या कायद्यानं ती काढून शंभर वर्षांचा नियम आणला, आणि आज बाजारात बहुतेक जण तोच धरतात. व्हिंटेजला अशी कायद्याची सीमा नाही. त्यामुळे विकणारा तो शब्द सढळ हातानं वापरतो.

मी सगळी भांडी खिडकीशी, उजेडात मांडली. सोबत भिंग, यूव्ही टॉर्च आणि व्यास मोजायला कॅलिपर. सवयीप्रमाणे आधी बूड बघितलं, कारण तिथं वयाचा अंदाज येतो. पण बूड बघून झाल्यावर बहुतेक संग्राहक थांबतात, आणि वापरायचं असेल तर खरं काम त्यानंतर सुरू होतं.

आकडा कुठून आला

अहवालापासूनच सुरुवात केली, कारण सगळी भीती त्यातून आली होती. एक्सआरएफ यंत्र पृष्ठभागावर क्ष-किरण सोडतं. तिथलं प्रत्येक मूलद्रव्य आपल्या ठरलेल्या ऊर्जेचे किरण परत पाठवतं आणि यंत्र ते मोजतं. म्हणजे शिसं आहे का आणि किती आहे, हे ते सांगतं. ते शिसं सुटून अन्नात उतरतं का, हे ते सांगत नाही आणि सांगूही शकत नाही.

दोन लाखांच्या वरचा आकडा होता कट ग्लासचा. त्यात घाबरण्यासारखं नवीन काही नाही. इंग्लंडमध्ये जॉर्ज रेव्हन्सक्रॉफ्टनं 1674 साली आपल्या काचेचं पेटंट घेतलं आणि पुढच्या काही वर्षांत शिशाची काच तिथं स्थिरावली. युरोपच्या 1969 च्या नियमानुसार ‘लेड क्रिस्टल’ म्हणवून घ्यायला काचेत किमान 24 टक्के लेड ऑक्साइड लागतं. त्यातलं निव्वळ शिसं साधारण 22 टक्के, म्हणजेच सव्वादोन लाख पीपीएमच्या आसपास. तो जडपणा, ती चकाकी, टिचकी मारल्यावरचा तो लांब नाद, सगळं त्या शिशामुळेच आहे. यंत्रानं फक्त काचेचा प्रकार ओळखला होता.

त्याखालचा आकडा पिवळ्या ओपल बाऊलचा. मी भावाला विचारलं, यंत्राचं तोंड कुठं टेकवलं होतं? त्याला आठवत होतं: “बाहेरून. बाहेर सपाट जागा जास्त मिळते म्हणाले.” सगळा गुंता इथंच होता. या बाऊलचा पिवळा रंग बाहेरून फवारून भट्टीत पक्का केलेला असतो, आणि त्या काळच्या अशा रंगांत शिसं, कॅडमियम सापडणं हे नेहमीचं आहे. आत मात्र रंगच नाही. आत नुसती पांढरी काच आहे आणि अन्न तिलाच टेकतं. तपासणाऱ्याला सांगून सहाही भांडी आतल्या बाजूनं पुन्हा तपासून घेतली. पिवळ्या बाऊलच्या आत नोंद घ्यावी असं काही निघालं नाही. विलोच्या आत निघालं. आयर्नस्टोनच्या आत थोडं निघालं.

एका फेरीत क्रम असा उलटापालटा झाला. भावाच्या यादीत दुसऱ्या क्रमांकावर धोकादायक असलेलं भांडं आता रोजच्या वापराला सगळ्यात योग्य ठरत होतं.

शिसं किती सुटतं, याची तपासणी वेगळी असते. भांडं 4 टक्के असेटिक अॅसिडनं भरतात, साध्या खोलीच्या तापमानाला 24 तास ठेवतात आणि मग त्या द्रवात शिसं किती उतरलं ते मोजतात. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाच्या मार्गदर्शक मर्यादा भांड्याच्या आकारानुसार बदलतात. उथळ ताटांना प्रति मिलिलिटर 3 मायक्रोग्रॅम, लहान खोलगट भांड्यांना 2, आणि मोठ्या खोलगट भांड्यांना 1. कप आणि जगसाठी आणखी कमी, 0.5. वाढायचे मोठे वाडगे त्या 1 च्या गटात येतात.

घरी काडीनं घासून करायच्या चाचणीवर मी विसंबत नाही. काडी लाल झाली तर पृष्ठभागावर शिसं आहे एवढं कळतं. लाल झाली नाही, तर काहीच सिद्ध होत नाही, कारण ती थोडं शिसं पकडत नाही.

प्रयोगशाळेत फक्त विलो आणि आयर्नस्टोन पाठवले. बाकीचे पाठवले नाहीत, त्याची कारणं वेगवेगळी आहेत. इमारी वाडग्याचे वरचे रंग त्या अॅसिडनं फिके पडले असते. कट ग्लासच्या बाबतीत उत्तर आधीच माहीत होतं.

निळा वाडगा

हा बहिणीचा सगळ्यात लाडका, त्यामुळे यावर सगळ्यात जास्त वेळ गेला.

बुडाशी ‘इंग्लंड’ असा शब्द छापलेला. अमेरिकेच्या 1890 च्या मॅकिन्ली कायद्यामुळे 1891 पासून आयात मालावर मूळ देशाचं नाव लागू लागलं, म्हणून हा वाडगा त्यानंतरचा असण्याची शक्यता दाट. विलो ही नक्षी अठराव्या शतकाच्या अखेरीस इंग्लंडमध्ये तयार झाली आणि स्टॅफर्डशरच्या अनेक कारखान्यांनी ती पिढ्यान् पिढ्या छापली. त्यामुळे नक्षीवरून वय काढायला जाऊ नये.

नक्षी झिलईच्या खाली आहे की वर, हे बोटानं कळतं. डोळे मिटून बोटाचं टोक फिरवायचं. खाली असेल तर निळ्यावरून पांढऱ्यावर जाताना काहीच जाणवत नाही. इथं बोट सरळ सरकलं, म्हणजे रंगाची काळजी नव्हती. मग वाडगा तिरपा धरून प्रकाश आतल्या बाजूवर पाडला. आत सगळीकडे केसाहून बारीक रेषांचं जाळं होतं, आणि तळाशी, जिथं रस साठतो त्या वर्तुळात, त्या रेषा तपकिरी झाल्या होत्या. भिंगातून पाहिलं तेव्हा तपकिरी रंग रेषेच्या दोन्ही बाजूंना झिलईखाली पसरलेला दिसला. डाग वर नव्हता, आत गेला होता.

झिलई आणि खालची माती गार होताना सारख्याच प्रमाणात आकसल्या नाहीत, तर झिलई ताणली जाते आणि तडकते. कधी हे भट्टीतून निघाल्यावर लगेच होतं. कधी सच्छिद्र माती वर्षानुवर्षं हवेतला ओलावा घेऊन किंचित फुगते आणि मग वरची झिलई फुटते. कसंही झालं तरी परिणाम एकच: झिलईचं काम होतं मातीला अन्नापासून दूर ठेवायचं, आणि ते आता ती पुरतं करत नाही. तेल, पाणी, रस त्या रेषांतून मातीत जातो, तिथं राहतो आणि पुढच्या वेळी गरम पदार्थ पडला की त्याचा वास बाहेर येतो. वाडगा गरम पाण्यानं भरून दहा मिनिटांनी हुंगला तर हे लगेच कळतं. इथं कळलं. खवट वास आला.

प्रयोगशाळेचा निकाल मर्यादेच्या आत आला. शून्य नव्हता, पण 1 मायक्रोग्रॅमच्या खाली होता. बहीण खूश झाली. “म्हणजे झालं ना? पास आहे.”

मी नाही म्हटलं, आणि हे समजावायला मला वेळ लागला. ती चाचणी फक्त शिशाबद्दल बोलते. तिला खवट तेलाशी आणि मातीत राहणाऱ्या ओलाव्याशी काही देणंघेणं नाही. शिवाय निकाल त्या एका दिवसाचा असतो. रोज गरम, रोज आंबट, रोज घासणं, असं चालू राहिलं तर तडकलेल्या झिलईचा निकाल पाच वर्षांनी तोच येईल, याची हमी मी देणार नाही. घरात लहान मूल असताना तर नाहीच, कारण जागतिक आरोग्य संघटनेच्या मते रक्तातल्या शिशाची ‘सुरक्षित’ म्हणावी अशी पातळी ज्ञात नाही.

बहिणीला डाग तरी काढायचा होता. कोणीतरी तिला कपड्यांचं ब्लीच सुचवलं होतं. त्याला मी ठाम विरोध केला. क्लोरीनच्या ब्लीचचे क्षार सच्छिद्र मातीत शिरतात, सुकताना त्यांचे स्फटिक बनतात आणि ते झिलईला आतून ढकलतात. काही महिन्यांनी झिलईच्या खपल्या निघालेले वाडगे मी हातात घेतले आहेत, आणि त्यांच्यावर मग कसलाही इलाज चालत नाही. सौम्य हायड्रोजन पेरॉक्साइडमध्ये बुडवून, थांबून, पुष्कळ पाण्यात धुऊन, सावकाश डाग फिका करता येतो. पण डाग गेला म्हणून भेगा मिटत नाहीत. पांढरा झालेला वाडगा उलट फसवा, कारण त्यातून वाढायला कोणीही धजेल. मी म्हटलं, डाग राहू दे.

तरी हा वाडगा कपाटात गेला नाही. त्यात सालीसकट फळं ठेवली जातात, आणि पाहुणे आले की त्याच्या आत बसेल असा साध्या काचेचा वाडगा ठेवून त्यात वाढलं जातं. आत बसणारा वाडगा शोधताना व्यास काठाशी न मोजता काठाखाली दोन बोटं मोजावा, म्हणजे काच मावते आणि निळी कड उघडी राहते.

नारिंगी, आणि जे अहवालात नव्हतंच

भावाच्या यादीत हा चौथा होता. त्याला तो फारसा घातक वाटत नव्हता.

फिएस्टा ही वेस्ट व्हर्जिनियातल्या न्यूएल इथल्या होमर लाफलिन कंपनीची मालिका. 1936 साली ती बाजारात आली, रचना फ्रेडरिक हर्टन ऱ्हीडची. काठाशी एकात एक वर्तुळं आणि भडक एकरंगी झिलई. त्यातला नारिंगी-लाल रंग युरेनियम ऑक्साइडचा होता. 1943 मध्ये तो बंद झाला, कारण युरेनियम अमेरिकी सरकारच्या अणुकार्यक्रमाकडे गेलं. 1959 मध्ये तो परत आला, या वेळी डिप्लीटेड, म्हणजे किरणोत्सारी भाग कमी केलेलं, युरेनियम वापरून, आणि 1972 पर्यंत चालला.

अहवालात फक्त शिशाचा रकाना होता. विचारलं होतं तेवढंच उत्तर आलं होतं. यूव्ही टॉर्चखाली युरेनियमची काच हिरवी चमकते हे बहुतेक संग्राहकांना माहीत असतं, पण या झिलईवर ती खूण चालत नाही. गायगर काउंटर, म्हणजे किरणोत्सार मोजणारं यंत्र, जवळ नेला की मात्र तो तडतडायला लागतो, आणि इथं तेच झालं. बहीण एकदम मागे सरकली. मी तिला वाडगा हातात घ्यायला लावला. कपाटात ठेवलेला, अधूनमधून हाताळलेला असा वाडगा ही चिंतेची गोष्ट नाही. चिंता आहे ती झिलईतून अन्नात उतरणाऱ्या युरेनियमची आणि शिशाची, आणि आंबट पदार्थ दोन्ही ओढून काढतात. अमेरिकेची पर्यावरण संरक्षण संस्था अशा किरणोत्सारी झिलईच्या भांड्यांतून खाऊ-पिऊ नये असंच सांगते. त्यात फट काढण्यासारखं मला काही दिसत नाही. हा वाडगा शोभेचा. काठाचा टवका उडाला तर तो भाग हातानं घासायचा नाही.

टाके घातलेला

हा सुंदर होता. मला विचाराल तर आठांतला सगळ्यात सुंदर.

जपानमध्ये अरिता इथं सतराव्या शतकाच्या सुरुवातीपासून पोर्सिलेन बनतं. इमारी धाटणीत निळा रंग झिलईखाली असतो, आणि लाल व सोनेरी नंतर झिलईवर चढवून कमी तापमानाला पुन्हा भाजलेला. अमेरिकेत जाणाऱ्या मालावर 1891 नंतर ‘निप्पॉन’ आणि 1921 पासून ‘जपान’ असा शिक्का दिसतो. या वाडग्यावर काहीच नव्हतं, म्हणून त्याच्या वयाबद्दल मी कागदावर काही लिहिलं नाही.

काठापासून बुडापर्यंत एक तडा, आणि पाठीवर त्याच्या आरपार आडवे बसवलेले पितळी टाके. आजचे डिंक येण्याआधी फुटलेलं पोर्सिलेन असंच जोडत. तड्याच्या दोन्ही बाजूंना हिऱ्याच्या टोकाच्या सामत्यानं छोटी भोकं पाडायची, तीही अर्ध्या जाडीपर्यंतच, म्हणजे आतून काही दिसत नाही. टाका भोकांमधल्या अंतरापेक्षा किंचित आखूड ठेवून ताण देऊन बसवायचा. तो ताणच दोन्ही तुकडे एकमेकांवर घट्ट धरून ठेवतो. मी बोटानं एकेक टाका हलवून पाहिला. सगळे घट्ट होते, कुठंही हिरवा गंज नव्हता. आत बघितलं तर तड्याची रेघ होती, पण भोकं खरोखर दिसत नव्हती. ज्यानं कोणी हे केलं त्याचा हात फार चांगला होता.

बहिणीला टाके काढून वाडगा नव्या पद्धतीनं चिकटवून घ्यायचा होता. “स्वच्छ दिसेल,” ती म्हणाली. टाके सैल होऊन पोर्सिलेनला घासत असते किंवा गंजून डाग पाडत असते, तर मीही काढायला सांगितलं असतं. पण इथं ते त्यांचं काम करत होते. कोणाला तरी हा वाडगा टाकून देववला नाही आणि त्यानं दुरुस्तीवर खर्च केला, ही या भांड्याच्या आयुष्यातली सगळ्यात ठळक नोंद आहे. ती पुसून काय मिळवायचं?

वाढायला मात्र नाही. तड्यातून ओल झिरपते, आणि आतल्या लाल फुलांचा रंग मधोमध झिजून पुसट झाला होता. झिलईवरच्या अशा रंगांना कमी तापमानाला वितळवण्यासाठी शिसं घातलेलं असतं. रंग झिजला याचा अर्थ तो कुठंतरी गेला आहे.

बाकीचे पाच

आयर्नस्टोनचं भांडं सगळ्यात खणखणीत निघालं. बोटाच्या पेराने टिचकी मारली की स्वच्छ नाद येतो. केसासारखा जरी तडा असता तरी आवाज बसका आला असता. चार्ल्स जेम्स मेसननं 1813 साली आयर्नस्टोनचं पेटंट घेतलं. ही माती दाट भाजली जाते आणि मऊ मातीच्या भांड्यांसारखी पाणी पीत नाही. बुडावर पत्त्यांतल्या चौकटच्या आकाराचा इंग्रजी नोंदणी-शिक्का होता. वरच्या टोकाला मातीच्या भांड्यांच्या वर्गाचा रोमन चार आणि त्याखाली ‘झेड’, म्हणजे ही रचना 1860 साली नोंदवलेली. शिक्का रचनेची नोंदणी सांगतो, भांडं त्यानंतरही बनलेलं असू शकतं. आत एकही रेघ नाही, आणि झिलईतून अॅसिडात उतरलेलं शिसं प्रयोगशाळेला मोजण्याइतकंही सापडलं नाही.

त्याच्या झाकणात मात्र एक गोम होती. यूव्ही टॉर्च फिरवला तेव्हा सगळं झाकण गडद राहिलं आणि वरची मूठ तेवढी दुधाळ निळी उजळली. मूठ कधीतरी तुटली होती आणि रेझिननं जोडून वर रंग दिलेला होता. दिवसाच्या उजेडात मला ते दिसलं नव्हतं. वाफेनं असा जोड सैल होतो आणि झाकण नेमकं हवेत असताना सुटतं. म्हणून गरम पदार्थ वाढताना झाकण वापरायचं नाही, आणि उचलायचं झालं तर दोन्ही हातांनी कडेला धरून.

पिवळा ओपल बाऊल, बुडावर 404 हा क्रमांक. 1940 च्या दशकात आलेल्या चार रंगांच्या संचातला हा सगळ्यात मोठा, चार क्वार्टचा, म्हणजे पावणेचार लिटरच्या जवळचा. आतली काच गुळगुळीत होती. रंग चकचकीत होता, म्हणजे आत्यानं तो डिशवॉशरमध्ये कधी घातला नव्हता. हा भावाच्या घरी गेला.

कट ग्लासबद्दल थोडं सांगायला हवं, कारण आकडा त्याचाच मोठा होता. शिशाच्या काचेत धोका वेळेबरोबर वाढतो. 1991 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात क्रिस्टलच्या सुरईत चार महिने ठेवलेल्या पोर्ट वाईनमध्ये शिसं लिटरमागे हजारो मायक्रोग्रॅमपर्यंत गेलं होतं. पिण्याच्या पाण्यासाठी जागतिक आरोग्य संघटनेचं मार्गदर्शक मूल्य 10 आहे. जेवणापुरता कोरडा किंवा सालीसकट पदार्थ ठेवायला हा वाडगा हरकत नाही. आंबट, रसाळ पदार्थ त्यात नको, आणि झाकून फ्रिजमध्ये तर कधीच नको. भावानं तो नको म्हटला आणि मी आग्रह केला नाही.

चांदीच्या मुलाम्याच्या वाडग्यावर ईपीएनएस अशी अक्षरं होती, म्हणजे निकेल सिल्व्हर या चांदी नसलेल्या मिश्रधातूवर विजेनं चढवलेली चांदी. बर्मिंगहॅमच्या एल्किंग्टननं 1840 साली या पद्धतीचं पेटंट घेतलं. आत मुलामा झिजून पिवळट धातू उघडा पडलेला, आणि मुळात आत बसणारं काचेचं भांडं हरवलेलं. मीठ आणि आंबट या उघड्या धातूला खातात. काच मिळाली तर तो पुन्हा टेबलावर येईल.

लाकडी वाडग्याचा व्यास मी दोन दिशांनी मोजला. रेषांच्या दिशेनं एक, रेषांना आडवा दुसरा, आणि आडवा काही मिलिमीटर कमी भरला. लाकूड रेषांना आडवं जास्त आकसतं, म्हणून कातावर गोल उतरलेला वाडगा काळानं किंचित लांबट होतो. ‘फार जुना’ म्हणून विकला जाणारा लाकडी वाडगा अगदी गोल भरला, तर मी तो खाली ठेवतो. याला नुसतं जवसाचं तेल लावायला सांगितलं. ते सुकून घट्ट होतं. स्वयंपाकातली बहुतेक तेलं सुकत नाहीत आणि लाकडात खवट होतात.

वापर कसा चालू आहे

आयर्नस्टोन, पिवळा बाऊल आणि लाकडी वाडगा हे तिन्ही आता नेहमी वापरात आहेत. गरम पदार्थ ओतायच्या आधी आयर्नस्टोन कोमट पाण्यानं भरून ठेवतात, म्हणजे थंड भिंतीला एकदम चटका बसत नाही. वाढायला लाकडी डाव. स्टीलच्या पळीनं झिलईवर करड्या रेघा उठतात. त्या ओरखडे वाटतात, पण बहुतेकदा धातूच झिलईवर घासून बसलेला असतो. मायक्रोवेव्ह कुठल्याच भांड्याला नाही. जेवण झालं की उरलेलं लगेच दुसऱ्या भांड्यात. ठेवताना एकात एक घातले तर मध्ये जाड कापड. ओपल बाऊलांचा रंग जास्त करून याच घासण्यानं जातो.

प्रत्येक भांड्यात एक चिठ्ठी आहे: काय, अंदाजे केव्हाचं, दुरुस्ती कुठं, आणि यात काय वाढायचं नाही. ही कल्पना बहिणीची. ती घरात नसताना दुसऱ्या कोणी वाढायला घेतलं तरी नारिंगी वाडगा चुकून टेबलावर येऊ नये, यासाठी.

भावाला नारिंगी आणि कट ग्लास विकायचे आहेत. मी त्याला एवढंच सांगितलं की विकताना अहवाल सोबत द्यायचा आणि नारिंगीच्या वर्णनात ‘युरेनियम झिलई, फक्त शोभेसाठी’ हे पहिल्याच ओळीत लिहायचं. फिएस्टा जमवणाऱ्यांना तो रंग हवाच असतो, त्यामुळे खरं सांगून गिऱ्हाईक जाणार नाही. कट ग्लासचं मात्र अजून ठरलेलं नाही, कारण बहिणीनं तो मागितला आहे आणि भाऊ म्हणतो आहे की द्यायला हरकत नाही, पण आधी तिनं त्यात काय ठेवणार ते सांगावं.